दुपारी चारचे मैदान आणि हवेचा इशारा

नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरातील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सदस्या विचारतात की, त्यांच्या सोसायटीने सुट्टीत मुलांसाठी दुपारी चार ते सहा असे उन्हाळी शिबिर ठेवले आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे, आणि गेल्या आठवड्यात मैदानावरून परतल्यावर तिला दोन वेळा कोरडा खोकला लागला व खोल श्वास घेताना छातीत दुखत असल्याचे ती म्हणाली. दोन्ही दिवशी आकाश निळे होते आणि मोबाइलवरील ॲप हवा ‘मध्यम’ असल्याचे दाखवत होते. धुरके हिवाळ्यातले, मग हे उन्हाळ्यात कुठून आले, शिबिर बंद करावे का, आणि सोसायटीच्या फलकावर नेमके काय लिहावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, आधी मुलीविषयी लिहितो. मी डॉक्टर नाही. जवळपास तीस वर्षे हवा मोजण्याच्या आणि त्या मोजमापांवरून लोकांसाठी सूचना लिहिण्याच्या कामात काढली आहेत. खोल श्वासाबरोबर छातीत दुखणे आणि कोरडा खोकला ही ओझोनच्या, म्हणजे उन्हात जमिनीलगतच्या हवेत तयार होणाऱ्या एका वायूच्या, त्रासाची ओळखीची लक्षणे आहेत, पण धावल्यामुळे उसळणारा दमाही असाच दिसतो, आणि घरबसल्या दोहोंतला फरक कोणी सांगू नये. म्हणून तिला डॉक्टरांना दाखवा, नेमाने घ्यायचा इन्हेलर सुट्टीत चुकू देऊ नका (सुट्टीत तोच पहिल्यांदा चुकतो), आणि तातडीचा इन्हेलर घरच्या कपाटात न ठेवता मैदानावर, शिबिराच्या ताईंच्या हाताशी ठेवा. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर इन्हेलर देऊन थेट रुग्णालय गाठावे.

आता धुरक्याकडे वळू. ‘धुरके’ हा शब्द धूर आणि धुके यांच्या जोडातून झाला आहे, आणि आपल्या डोळ्यांसमोर येणारे चित्रही त्या जोडाचेच असते: डिसेंबरची पहाट, गोदाकाठावर साचलेला करडा थर, शेकोट्यांचा आणि जळत्या कचऱ्याचा वास. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये हजारो माणसांचा बळी घेणारे धुरके याच जातीचे होते. कोळशाचा धूर आणि थंड, न हलणारी हवा. उन्हाळ्यातले धुरके वेगळ्या कुळातले आहे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये भर उन्हात लोकांचे डोळे चुरचुरू लागले, आणि आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वाफांवर सूर्यप्रकाश पडला की हवेतच ओझोन तयार होतो. तो कोणत्याही धुरांड्यातून बाहेर पडत नाही. वाहने आणि भट्ट्या यांतून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे एका बाजूला, पेट्रोल, थिनर, रंग, सॉल्व्हंट आणि जळणारा कचरा यांतून निघणारी सेंद्रिय वाफ दुसऱ्या बाजूला, आणि वरून एप्रिल-मेचे ऊन, एवढे जमले की हा वायू शिजतो. त्याला रंग नसतो. म्हणूनच आपल्याला आकाश निळे दिसले, आणि ते खरोखरच निळे होते.

हे शिजणे रोज एका ठरावीक क्रमाने होते, आणि तो क्रम एकदा ध्यानात आला की निम्मे इशारे स्वतःच लिहिता येतात. मोजणी केंद्राच्या वातानुकूलित खोलीत ओझोनचे यंत्र अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने हवेचा नमुना तपासत असते. पंपाची बारीक घरघर चालू असते आणि पडद्यावर रेघ पुढे सरकत असते. सकाळी सातला ती रेघ तळाशी असते. आठ-नऊला कामाच्या पाळ्या आणि कार्यालये यांची वर्दळ सुरू झाली की शेजारच्या यंत्रावर नायट्रोजन डायऑक्साइड उसळतो, पण ओझोन अजून झोपलेलाच असतो. दहा-अकरानंतर दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडतात. नायट्रोजनची उतरते, ओझोनची चढू लागते. साधारण एक ते चारच्या दरम्यान ती माथ्यावर पोहोचते आणि सूर्य कलल्यावर हळूहळू खाली येते. दुपारी आभाळ भरून आले किंवा वळिवाची सर पडली, तर त्याच दिवशी रेघ मध्येच मान टाकते. नवख्या सहकाऱ्यांना मी ही रेघ पुस्तकातून कधी शिकवली नाही. मे महिन्यातला एक दिवस यंत्रासमोर बसवत असे.

आपल्या शिबिराची वेळ चारची आहे, म्हणजे माथा नुकताच ओलांडलेला असतो आणि उतार पुरता सुरू झालेला नसतो. नाशिककरांनी हवेविषयीचा सगळा शहाणपणा हिवाळ्यात कमावलेला आहे, आणि तो उन्हाळ्यात उलटा पडतो. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो (निफाडचा पारा ज्या पहाटे एक आकडी होतो, ती पहाट आठवा), धूर वर चढू शकत नाही, आणि म्हणून डॉक्टर वयस्कर मंडळींना पहाटे फिरू नका, ऊन वर आल्यावर बाहेर पडा, असे सांगतात. तेच वाक्य मनात ठेवून मंडळी मे महिन्यात गोल्फ क्लब मैदानावरची आपली फेरी उशिरा घेतात, किंवा मुलांचा खेळ दुपारनंतर ठेवतात. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास ओझोनच्या दृष्टीने सर्वांत चांगले असतात. रस्ते झाडण्याची वेळ मात्र टाळावी, कारण खराट्याने उडणाऱ्या धुळीला ऋतू नसतो.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना पटत नाही. द्वारका चौकात, जिथे वाहनांची गर्दी सर्वाधिक, तिथे ओझोन बहुतेक वेळा कमी असतो, आणि शहराबाहेर, जिथे हवा मोकळी वाटते, तिथे तो जास्त भरतो. वाहनांच्या नळीतून निघणारे ताजे नायट्रिक ऑक्साइड ओझोनला जागीच गिळून टाकते. तीच हवा वाऱ्याबरोबर चार-दोन तास प्रवास करून शहराबाहेर पडली की गिळणारे संपलेले असते आणि शिजवणारे ऊन उरलेले असते. दुपारचा वारा पश्चिमेकडून असेल तर तो माल नाशिकरोडच्या पलीकडे निफाडच्या बाजूला जातो. याचा अर्थ द्वारकेवर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला धोका नाही असा अजिबात नाही. त्याच्या वाट्याला धूलिकण आणि नायट्रोजन डायऑक्साइड येतात, आणि त्याला द्यायचा इशारा वेगळा असतो. एका शहराला एकच इशारा पुरत नाही, हे मला याच विरोधाभासाने शिकवले.

आता ‘मध्यम’ या शब्दाकडे येतो, कारण आपली फसगत तिथे झाली आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये मांडलेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषके धरली आहेत. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतला सर्वांत मोठा तो त्या जागेचा निर्देशांक ठरतो. शून्य ते पन्नास चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत वाईट, चारशेपर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा सहा पायऱ्या आहेत. मराठी कानाला ‘मध्यम’ हा शब्द ‘ठीक आहे, चालेल’ असा ऐकू येतो. वास्तविक त्याच तक्त्यात ‘मध्यम’ पायरीपुढे जे लिहिले आहे ते असे की, दम्यासारखा फुप्फुसांचा विकार असलेल्यांना श्वास घेताना त्रास होऊ शकतो आणि हृदयरोगी, मुले व वृद्ध यांना अस्वस्थ वाटू शकते. आपल्या मुलीपुरते पाहिले तर ॲपने इशारा दिलेला होता. फक्त तो रंगाच्या आणि एका गुळगुळीत विशेषणाच्या मागे दडून राहिला.

दुसरी फसगत सरासरीची आहे. धूलिकणांसाठी चोवीस तासांची आणि ओझोनसाठी आठ तासांची सरासरी धरतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा, अकरा ते सात या आठ तासांत ओझोन अनुक्रमे ११०, १३०, १५०, १८५, १८०, १५०, ११० आणि ८५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतका राहिला. सरासरी येते साधारण १३८, आणि तिचा उपनिर्देशांक सुमारे १५५, म्हणजे ‘मध्यम’. त्या दिवशी जाड धूलिकण, म्हणजे पीएम १०, चोवीस तासांच्या सरासरीने १९० असले तर त्यांचा उपनिर्देशांक सुमारे १६० येतो. पडद्यावर दिसते: १६०, मध्यम, प्रमुख प्रदूषक पीएम १०. ओझोनचे नावही दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार आठ तासांसाठी असलेली १०० ची मर्यादा बरीच मागे पडलेली असते, आणि एका तासासाठी असलेली १८० ची मर्यादाही दुपारी दोन ते तीन या वेळेत ओलांडलेली असते. ॲपमध्ये प्रदूषकांची वेगवेगळी यादी उघडण्याची सोय बहुधा असते. ती उघडा आणि ओझोनचा तासागणिक आलेख पाहा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे दैनिक पत्रक दुपारी चारला निघते आणि त्यात मागील चोवीस तासांची सरासरी असते. हिशेब ठेवण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र चार वाजता मैदानावर उतरणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते कालच्या संध्याकाळपासूनचे वर्तमान आहे, भविष्य नाही. शिवाय परदेशी ॲप आणि याच मंडळाचे ‘समीर’ ॲप एकाच हवेला वेगवेगळे आकडे देतात, कारण पट्ट्या वेगळ्या आहेत. सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, साठ असतील तर भारतीय पट्टीवर शंभर येतात आणि अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर यावरून जे वाद रंगतात त्यांत दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर असते. सोसायटीने एकच पट्टी ठरवावी, आपल्याकडे भारतीय, आणि तिलाच चिकटून राहावे. ओझोनचा आकडा कधी मायक्रोग्रॅममध्ये तर कधी पीपीबीमध्ये, म्हणजे अब्ज भागांत किती भाग अशा मापात, असतो. एक पीपीबी म्हणजे जवळजवळ दोन मायक्रोग्रॅम, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ टळतो.

इशारा कसा असावा याविषयी युरोपकडून घेण्यासारखे एक सूत्र आहे. तिथे एका तासाची ओझोन पातळी १८० मायक्रोग्रॅमवर गेली की जनतेला माहिती देणे बंधनकारक आहे, आणि २४० वर गेली की तो धोक्याचा इशारा ठरतो. आकड्यांहून मला महत्त्वाची वाटते ती त्या माहितीत काय असले पाहिजे याची सक्ती: कोणत्या भागात, किती वेळ, पुढच्या तासांत आणि उद्या दुपारी काय अपेक्षित, कोणाला जपायचे, लक्षणे कोणती आणि काय करायचे. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही अंदाज देणारी यंत्रणा २०१० मध्ये दिल्लीत सुरू केली. पुढे पुणे, मुंबई आणि अहमदाबाद ही शहरे तिच्यात आली. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये हवेच्या इशाऱ्याची जोड त्याला दिली. शाळा, दवाखाने आणि रेडिओ यांच्यापर्यंत इशारा कोणी, कोणत्या क्रमाने पोहोचवायचा हे त्यात आधीच ठरलेले असते, आणि माझ्या मते यंत्रांपेक्षा या साखळीचे मोल अधिक आहे.

साखळीची शेवटची कडी तुटली तर काय होते, ते मी स्वतःच्या हातून पाहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका कार्यालयासाठी पत्रक लिहिले: ‘संवेदनशील गटातील व्यक्तींनी दीर्घकालीन व कठोर स्वरूपाचे बाह्य श्रम टाळावेत.’ वरिष्ठांनी त्यातला एक स्वल्पविराम बदलला, सही झाली, आणि ते सायंकाळी साडेपाचला फलकावर लागले. त्या वेळी यंत्रावरची रेघ अर्ध्यावर उतरली होती. फाटकावरच्या वयस्कर पहारेकऱ्याने ते बोट फिरवत मोठ्याने वाचले आणि विचारले, “साहेब, यात मी आहे का?” त्याला जुनाट खोकला होता आणि तो दिवसभर पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात उभा असे. त्या वाक्यात तो होता, अगदी मध्यभागी होता, आणि तरीही त्याला स्वतःला त्यात सापडता आले नाही. त्यानंतर ‘संवेदनशील गट’ हे शब्द मी लिहिले नाहीत. दमा असलेली मुले, जुना खोकला असलेली माणसे, छातीवर शस्त्रक्रिया झालेले, दिवसभर उन्हात काम करणारे, असे नाव घेऊन लिहू लागलो.

म्हणून फलकाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. इशारा आदल्या रात्री किंवा सकाळी आठच्या आत लागला पाहिजे, त्यात घड्याळातली वेळ असली पाहिजे, आणि प्रत्येकाने काय बदलायचे हे एका वाचनात कळले पाहिजे. उदाहरणादाखल मजकूर देतो: ‘आज कडक ऊन आहे, वारा कमी आहे. दुपारी बारा ते पाच हवेत ओझोन वाढण्याची शक्यता. शिबिरातील धावण्याचे खेळ आज सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत होतील; दुपारी चारला सभागृहात कॅरम व चित्रकला. दमा असलेल्या मुलांनी इन्हेलर सोबत आणावा. माळीकाका आणि वॉचमन यांनी जड कामे बारापूर्वी उरकावीत. खोकला, छातीत दुखणे किंवा धाप जाणवल्यास खेळ थांबवून सावलीत बसावे व शिबिराच्या ताईंना सांगावे.’ यात निर्देशांकाचा आकडा नाही. तो हवा असेल तर खाली बारीक अक्षरात लिहा, पण वर नको.

शिबिर बंद करू नका. उघड्यावर खेळणे मुलांच्या फुप्फुसांसाठी चांगलेच असते, आणि दोन महिने मोबाइलसमोर बसवण्याची किंमत ओझोनपेक्षा कमी नाही. धावताना मूल बसलेल्या मुलाच्या कितीतरी पट हवा आत घेते, आणि तीही तोंडाने, खोलवर; म्हणून खेळ बदलला किंवा वेळ बदलली की शरीरात जाणारा ओझोन पुष्कळ कमी होतो. शक्य असेल तर पूर्ण शिबिरच सकाळी घ्या. शाळा उन्हाळ्यात सकाळच्या होतात तशीच ही सोय आहे, आणि उष्णतेच्या दृष्टीनेही हिताची आहे. सकाळ जमत नसेल तर सहानंतर सुरू करा. नाशिकची उन्हाळी संध्याकाळ हे या शहराचे जुने वैभव आहे. देवळालीला हवापालटासाठी लोक उगाच येत नसत.

मास्कविषयी थोडक्यात सांगतो. एन-९५ मास्क धूलिकण अडवतो, ओझोन हा वायू असल्याने त्यातून सरळ जातो, आणि मे महिन्याच्या दुपारी मास्क लावून धावणाऱ्या मुलाला उलट त्रासच होईल. ओझोन घरात शिरतो पण भिंती, पडदे, कपडे यांवर आदळून विरतो, त्यामुळे खिडक्या बंद ठेवलेल्या घरात तो बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. परदेशी सूचनांमधले ‘खिडक्या बंद करून घरात बसा’ हे वाक्य इथूनच येते, आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे उतरवणे मला धोक्याचे वाटते. पत्र्याच्या छताखालच्या दोन खोल्यांत, चाळीस अंशांच्या दुपारी, खिडक्या बंद करा असे सांगणे म्हणजे ओझोनपासून वाचवून उष्माघाताच्या हवाली करणे होय. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी खिडक्या बंद कराव्यात. ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांनी कूलर लावावा, तो बाहेरची हवा ओढतो हे खरे असले तरी शांत बसलेल्या माणसाला उष्णतेचा धोका त्याहून मोठा असतो. आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांनी खिडकी उघडी ठेवून अंगमेहनत टाळावी. हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली जी यंत्रे स्वतःच ओझोन सोडतात, ती मात्र दम्याच्या घरात आणू नका.

धुळीचा इशारा मी मुद्दाम वेगळा ठेवतो. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर रस्ते खोदले जातात, खडी आणि मुरुमाचे डंपर फिरतात, आणि उन्हाळी सोसाट्याचा वारा ती धूळ घराघरांत पोहोचवतो. ही धूळ दिसते, तिचा स्रोत बोटाने दाखवता येतो, आणि तिच्यावरचा उपाय पाणी मारणे, डंपरवर ताडपत्री टाकणे आणि काम चालू असलेल्या बाजूच्या खिडक्या तेवढा वेळ लावून घेणे हा आहे; इथे मास्कही उपयोगी पडतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक आहे आणि त्याचे उद्दिष्ट धूलिकण घटवण्याचे आहे, म्हणून शहरातल्या बहुतेक चर्चा धुळीभोवतीच फिरतात. त्या फिरू द्याव्यात, पण सोसायटीच्या फलकावर धूळ आणि ओझोन एकाच वाक्यात आणू नयेत. एकाला खिडकी आणि मास्क, दुसऱ्याला घड्याळ. वाचणाऱ्याने नेमके उलटे केले तर दोष लिहिणाऱ्याचा.

आपण विचारले नाही, पण नाशिकला हा विषय द्राक्षबागेशिवाय पुरा होत नाही. ओझोनमुळे द्राक्षाच्या पानांवर पडणारे बारीक ठिपके कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये पहिल्यांदा ओळखले गेले. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ओझोन जेव्हा माथ्यावर असतो त्याच दिवसांत नवी फूट वाढत असते. पानाच्या वरच्या बाजूला, शिरा सोडून मधल्या भागात, जुन्या पानांवर आधी असे तपकिरी-काळपट टाचणीएवढे ठिपके दिसले आणि खालच्या बाजूला बुरशीची वाढ दिसली नाही, तर फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी एखादे पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. ओझोनवर बुरशीनाशक चालत नाही आणि औषधाचा खर्च मात्र चालूच राहतो.

सोसायटीला स्वतःच्या हाताने करता येण्यासारखे असे थोडेच आहे, पण ते करावे. वाळलेला पाला आणि कचरा जाळू नये. गेटचे आणि ग्रिलचे रंगकाम मे महिन्यात काढले असेल तर थिनरचे डबे उघडे ठेवू नयेत आणि काम संध्याकाळी करावे. वाफ उन्हाच्या आधी सुटण्यापेक्षा नंतर सुटलेली बरी. पेट्रोलही त्याच कारणाने सूर्य कलल्यावर भरावे. शिबिराला सोडायला आलेल्या पालकांनी गाड्या चालू ठेवून उभे राहू नये, हे मात्र ओझोनपेक्षा फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या नाकाशी अधिक संबंधित आहे.

राहता राहिला इशाऱ्यांच्या संख्येचा प्रश्न. उत्साहाच्या भरात दोन महिने रोज फलक लावलात, तर पंधराव्या दिवशी तो भिंतीचा भाग होईल आणि खरोखर वाईट दिवशी कोणी मान वर करणार नाही. शिबिराची वेळ कायमची सकाळी नेलीत तर बहुतेक दिवशी फलकाची गरजच पडणार नाही. मग तो फक्त अशा दिवसांसाठी ठेवा, जेव्हा आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि आदल्या दोन दिवशीही ओझोनची रेघ एका तासाच्या मर्यादेजवळ पोहोचलेली असेल. आणि लावलेला इशारा उठवायला विसरू नका. मी पाहिलेल्या फलकांपैकी निम्मे तरी शिळे असत; तीन दिवसांपूर्वीची सूचना, दरम्यान अवकाळी पाऊस पडून हवा धुऊन निघालेली, आणि खाली तारीख नाही. आपल्या फलकावर तारीख आणि ‘सायंकाळी सहापर्यंत’ एवढे शब्द ठळक लिहा, आणि सहा वाजता तो पुसण्याचे काम शिबिरातल्याच एखाद्या मुलाकडे सोपवा. आपल्या मुलीकडे सोपवलेत तर ती तो पुसण्यापूर्वी एकदा नक्की वाचेल.